उसाच्या मुलखात घडणारे अग्निबाण

पेरणी, खत, ठिबक आणि हुमणी यांवर बोलणारा माणूस आज अग्निबाणाची गोष्ट सांगायला बसला, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण विस्तार अधिकाऱ्याचे कामच असे आहे. बाजारात नवे काही आले की लोक विचारतात, "साहेब, घ्यावं का थांबावं?" पूर्वी हा प्रश्न बियाण्याचा, औषधाचा किंवा औजाराचा असे. हल्ली तो मुलांच्या शिक्षणाचाही असतो. भांडगाव, यवत, केडगाव, वरवंड या पट्ट्यात फिरताना गेल्या दोन वर्षांत मला रॉकेटबद्दल जितके विचारले गेले, तितके आधीच्या सगळ्या नोकरीत मिळून विचारले गेले नव्हते.

रॉकेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे श्रीहरिकोटा येते. पण त्याचा एक मोठा भाग आपल्याच पुणे जिल्ह्यात, उसाच्या मुलखात घडतो. भांडगावहून पाटस गाठावे, बारामतीकडे वळावे आणि पुढे इंदापूरच्या रस्त्याला लागावे. जंक्शनजवळून वालचंदनगरला जाता येते. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात कळंबच्या माळावर ऊस लावला आणि साखर कारखाना उभा केला. याच गृहस्थांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. तो पुढे सरकारकडे गेला आणि आज आपण त्याला एचएएल म्हणतो. वालचंदनगरची कंपनी खासगीच राहिली. साखर कारखान्यांना लागणारे रोलर, गिअर, बॉयलर करता करता तिचे हात जड कामाला सरावले, आणि १९७०च्या दशकात इस्रोचे काम तिच्याकडे आले. पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचे कवच तिथे बनते. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ रॉकेटवर बसून गेले, त्याच्या दोन अंगांना जे जाड बूस्टर होते, त्यांच्या कवचाचे भागही वालचंदनगरला घडलेले होते. म्हणजे उसाच्या चरकाचे रोलर करणारे गाव चंद्रापर्यंत हात लावून आले.

आता हे कवच म्हणजे काय? आपल्याकडच्या गुऱ्हाळाचे चुलवाण डोळ्यांपुढे आणा. चिपाडाचा जाळ कसा धुराड्याकडे ओढला जातो, ते तुम्ही पाहिले आहे. असे समजा, की ते चुलवाण चारही बाजूंनी पक्के बंद केले आणि जाळाला बाहेर पडायला एकच तोंड ठेवले. जाळ त्या एकाच तोंडातून जोराने खाली फेकला जाईल, आणि तो जितक्या जोराने खाली जाईल तितक्याच जोराने चुलवाण वर ढकलले जाईल. रॉकेटचे तत्त्व एवढेच आहे. फरक इतकाच, की चिपाड जळायला हवा लागते आणि वर आभाळात हवा नसते. म्हणून या रॉकेटच्या इंधनात प्राणवायू देणारे रसायन, ॲल्युमिनियमची भुकटी आणि रबरासारखा चिकट पदार्थ एकत्र मळून ते कवचात ओततात. ते घट्ट होते. मधोमध पोकळी ठेवलेली असते आणि इंधन त्या पोकळीतून बाहेरच्या बाजूला जळत जाते.

पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात असे सुमारे १३९ टन इंधन असते. एलव्हीएम-३ च्या एकेका बूस्टरमध्ये २०० टनांहून अधिक. आतली आच तीन हजार अंश सेल्सिअसच्या घरातली आणि दाब ट्रकच्या टायरपेक्षा कितीतरी पट. हे सगळे ज्या पोलादी कवचाने धरून ठेवायचे, त्याची जाडी एक सेंटिमीटरच्या आत असते. जाड करावे तर वजन वाढते, आणि वजन वाढले की वर न्यायचा उपग्रह लहान करावा लागतो. म्हणून पोलादच खास घेतात. त्यात निकेल आणि कोबाल्ट असते. ते मऊ असताना वाकवतात, जोडतात, आणि मग भट्टीत सुमारे ४८० अंशांवर काही तास ठेवले की ते कठीण होते. कुंभार मडके ओले असताना घडवतो आणि नंतर आवा लावतो, तसाच हा क्रम.

यातला जिवाचा भाग म्हणजे जोड. कवचाचे तुकडे वेल्डिंगने जोडतात, मग क्ष-किरणाने आणि ध्वनिलहरींनी प्रत्येक जोड आतून तपासतात, आणि शेवटी पाणी भरून दाब देऊन पाहतात. माझे थोरले भाऊ एका साखर कारखान्यात फिटर होते. गाळप बंद झाले की दुरुस्तीच्या दिवसांत ते म्हणत, "जोड वरून चांगला दिसून भागत नाही. आतून भरला पाहिजे. सीझनमध्ये बंद पडलं तर गाडीवानाचा ऊस वाळतो." जोड आणि शेतकऱ्याचा ऊस यांचा संबंध मला त्यांच्याकडून कळला.

रॉकेटच्या बाबतीत तो संबंध आणखी जवळचा आहे. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी इन्सॅट-३डीएस हा उपग्रह सोडला गेला. ढग, वारे, समुद्राचे तापमान यांची माहिती तो पाठवतो आणि तिच्या आधाराने हवामान खाते अंदाज बांधते. तुमच्या मोबाईलवर "फवारणी दोन दिवस पुढे ढकला" असा जो सल्ला येतो, त्याच्या मागे अशा उपग्रहांचे डोळे असतात. उलट १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्हीच्या उड्डाणात तिसऱ्या टप्प्यातला दाब कमी झाला आणि ईओएस-०९ हा उपग्रह हातचा गेला. तो रडारचा उपग्रह होता. ढगांच्या आडूनही जमीन पाहू शकणारा. ऐन पावसाळ्यात शिवारात पाणी कुठे साचले हे पाहायला असाच डोळा लागतो. तेव्हा रॉकेटचा दाब टिकतो की नाही हा प्रश्न शास्त्रज्ञांचा तर आहेच, पण थोडा आपलाही आहे.

आता नव्या पद्धतीकडे येऊ. तिला थ्रीडी प्रिंटिंग म्हणतात. नाव छपाईचे असले तरी कागदाशी तिचा संबंध नाही. तुमच्या ओसरीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, ते पाहा. ती एक गोळी आणते, थापते, पुन्हा जाते. थरावर थर चढवते आणि आत पोकळी राखते. या यंत्रात धातूची पिठासारखी बारीक भुकटी असते. भुकटीचा कागदाहून पातळ थर पसरतात. संगणकात जो आकार भरून ठेवलेला असतो, त्याबरहुकूम लेसरचा किरण फिरतो आणि तेवढीच भुकटी वितळवून घट्ट करतो. मग वर दुसरा थर, त्यावर तिसरा. असे शेकडो, हजारो थर झाले की भुकटीच्या ढिगातून सबंध वस्तू बाहेर निघते. न वितळलेली भुकटी चाळून पुन्हा वापरता येते.

याचा लाभ किती, ते एका उदाहरणाने सांगतो. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याला दोन लहान इंजिने असतात. त्यांतले प्रत्येक इंजिन पूर्वी १४ भाग वेगवेगळे करून जोडत असत. इस्रोने त्याची नव्याने आखणी केली आणि बंगळूरच्या एका खासगी कंपनीकडून ते थ्रीडी प्रिंटिंगने करवून घेतले. १४ भागांचा एकच भाग झाला. १९ वेल्डिंगचे जोड गेले. पूर्वी एका इंजिनासाठी ५६५ किलो धातूचे ठोकळे आणि पत्रे लागत, त्यांतले बहुतेक कातून कीस म्हणून बाजूला पडे. आता १३.७ किलो भुकटी पुरते. लागणारा वेळ ६० टक्क्यांनी कमी झाला. ९ मे २०२४ रोजी हे इंजिन ६६५ सेकंद पेटवून पाहिले आणि ते कसोटीला उतरले.

५६५ किलो आणि १३.७ किलो हे आकडे वाचले तेव्हा मला आपले ठिबक आठवले. पाटाने पाणी सोडले की सगळी सरी भिजते, बांधही भिजतो, आणि मुळाला मिळते त्यातले थोडेच. ठिबकने जिथे मूळ आहे तिथेच थेंब पडतो. नवी पद्धत म्हणजे धातूचे ठिबक. जिथे हवा तिथेच धातू, बाकी ठिकाणी नाही. रॉकेट करणाऱ्याला वजनाची काटकसर, तशी आपल्याला पाण्याची.

२०२० मध्ये सरकारने अंतराळाचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले. त्यानंतर १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचे विक्रम-एस हे देशातले पहिले खासगी रॉकेट उडाले. चेन्नईच्या आयआयटीच्या आवारात वाढलेल्या अग्निकुल या कंपनीने तर एका तुकड्यात छापलेले इंजिन केले, आणि ३० मे २०२४ रोजी त्यावर आपले रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडवून दाखवले. रॉकेटचे नावही त्यांनी अग्निबाण असेच ठेवले आहे. एक गोष्ट यात ध्यानात घ्यावी. त्याआधी चार वेळा त्यांनी हे उड्डाण ऐन वेळी थांबवले होते. वाफसा नसताना पेरणी रेटणारा आणि वाफशाची वाट पाहणारा, यांतला दुसराच पिकाचा धनी होतो.

पण म्हणून सगळेच छापून होते, असे समजू नका. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात रिलेटिव्हिटी स्पेस नावाची खासगी कंपनी आहे. जवळजवळ सबंध रॉकेटच छापायचे, असे तिने ठरवले. टेरन-१ या तिच्या रॉकेटचा वजनाने सुमारे ८५ टक्के भाग छापलेला होता. मार्च २०२३ मध्ये ते उडाले. छापलेली काया उड्डाणाचा ताण सोसून गेली, पण दुसऱ्या टप्प्याचे इंजिन नीट पेटले नाही आणि रॉकेट कक्षेत पोचले नाही. त्यानंतर कंपनीने मोठे रॉकेट हाती घेतले, आणि त्याच्या मोठ्या पिंपासारख्या भागांसाठी ॲल्युमिनियमचे पत्रे जोडण्याच्या नेहमीच्या रीतीकडेही ती वळली. छपाई तिने सोडली नाही, जिथे सोयीची तिथे ठेवली. बारीक नळ्या, आतल्या पोकळ्या आणि वाकडेतिकडे आकार असलेल्या इंजिनाला छपाई चांगली. तीन मीटर रुंदीच्या जाडजूड कवचाला वाकवणे आणि जोडणेच अजून परवडते. ठिबक चांगले म्हणून भाताच्या खाचरातही तेच हवे, असा हट्ट आपण धरत नाही. त्यातलाच हा प्रकार.

एवढे लांबण लावले त्याचे कारण आता सांगतो. भांडगावच्या शिवारात अडीच एकर जमीन आणि दोन संकरित गाई असलेले एक कुटुंब आहे. त्यांचे नाव सांगत नाही. कर्त्या पुरुषाला मी बापू म्हणतो. गेल्या वर्षी त्यांच्या थोरल्या मुलाची बारावी झाली. त्याने मोबाईलवर अग्निबाणाचे उड्डाण पाहिले होते आणि ते त्याच्या डोक्यातून जात नव्हते. अशात शहरातल्या एका संस्थेची जाहिरात त्यांच्या हाती आली. सहा महिन्यांत थ्रीडी प्रिंटिंग शिका, रॉकेटच्या कंपनीत नोकरी, फी दीड लाख. बापूंनी मला ओट्यावर बसवले आणि म्हणाले, "साहेब, दोन्ही गाई काढतो. थोडं सोसायटीतनं उचलतो. पोराचं कल्याण होईल का? का आयटीआयला वेल्डिंगला घालू? पण लोक म्हणत्यात, आता वेल्डिंगच राहणार नाही, मशीनच छापणार समदं."

त्या घराचा रोजचा खर्च दुधावर चालतो. गाई गेल्या की तेल-मीठ सुद्धा उधारीवर येणार, हे मला दिसत होते. दुसरीकडे मुलाचे डोळेही दिसत होते. त्याला नुसते "नको" म्हणणे सोपे होते, पण ते न्यायाचे नव्हते. त्याची ओढ खरी होती.

मी उत्तर देण्याआधी वहिनीच बोलल्या. त्या दारात धान्य पाखडत होत्या. त्यांनी विचारले, "भाऊ, ते छापायचं मशीन बिघडलं, तर दुरुस्त कोण करतंय? आन् छापलेली वस्तू आतनं भरलीया का पोकळ हाय, ते कोण बघतंय?"

मला वाटते, सगळ्या विषयाचा गाभा या दोन प्रश्नांत आला. छापलेल्या इंजिनाचेही काम यंत्रातून बाहेर काढले की संपत नाही. त्याला भट्टीत ठेवावे लागते, त्याचे काही पृष्ठभाग कातून गुळगुळीत करावे लागतात, क्ष-किरणाने ते आतून पाहावे लागते, दाब देऊन तपासावे लागते. जोड कमी होतात, पण तपासणारा डोळा कमी होत नाही. ज्याला धातू कळतो, माप कळते, नकाशा वाचता येतो, त्याला नवे यंत्रही लवकर कळते. ज्याला फक्त बटण दाबता येते, त्याचे शिक्षण यंत्र बदलले की संपते.

म्हणून मी बापूंना सांगितले, पैसे भरण्याआधी त्या संस्थेत जा आणि तीन गोष्टी विचारा. पोराला स्वतःच्या हाताने कोणत्या यंत्रावर काम करायला मिळेल, धातूच्या की प्लास्टिकच्या? प्रमाणपत्र कोणाचे, सरकारमान्य की त्यांचेच? नोकरीची हमी लेखी देता का? बाप-लेक दोघे जाऊन आले. तिथे टेबलावर मावणारी प्लास्टिकची खेळणी छापणारी यंत्रे होती. धातूचे एकही नव्हते. प्रमाणपत्र संस्थेचे स्वतःचे. लेखी द्यायला कोणी तयार नव्हते.

गाई गोठ्यातच राहिल्या. मुलाने आयटीआयला मशिनिस्टचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला. तो अजून शिकतोच आहे आणि सकाळची धार काढून जातो. तो रॉकेटच्या कारखान्यात जाईलच, असे मी त्याला सांगितलेले नाही आणि तुम्हालाही सांगत नाही. पण मायक्रोमीटर हातात घेऊन तो आता मला मिलिमीटरचा शंभरावा भाग समजावून सांगतो. त्याची धाकटी बहीण दहावीला आहे आणि तिचे गणित त्याच्यापेक्षा चांगले. तिला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करायचा आहे. तो विषय निघाला तेव्हा बापू गप्प बसले. मी त्यांना म्हटले, छापण्याआधी संगणकात जो आकार आखावा लागतो, त्याला ताकद नको, गणित लागते. तुमच्या घरातला रॉकेटवाला कदाचित ही असेल. मुलगी आईकडे पाहून हसली. आईने मान हलवली. बापूंचे उत्तर अजून यायचे आहे, आणि मी अधूनमधून त्या घरी जाऊन ते विचारणार आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असाच निर्णय उंबऱ्यावर उभा असेल. माझा सल्ला साधा आहे. आयटीआयमधले फिटर, मशिनिस्ट, वेल्डर हे अभ्यासक्रम जुने झाले म्हणून टाकाऊ झालेले नाहीत. थ्रीडी प्रिंटिंगचाही अभ्यासक्रम आता आयटीआयच्या यादीत आला आहे. आपल्या जवळ तो कुठे चालतो, यंत्र कोणते आहे, हे स्वतः जाऊन पाहा. शिक्षण झाल्यावर शिकाऊ उमेदवारीचे वर्ष चुकवू देऊ नका, कारण खरे काम कारखान्याच्या जमिनीवरच हाताला बसते. जमीन किंवा दुभते जनावर विकून फी भरायची वेळ आली, तर आधी चार जाणत्या माणसांना विचारा. आणि नव्याला घाबरून मुलाला जुन्यात कोंडूही नका. वालचंदनगरच्या माणसांनी साखरेच्या रोलरवरच समाधान मानले असते, तर त्यांच्या हातचे काम चंद्राच्या वाटेला लागले नसते. त्यांनी हातातले कसब टाकले नाही आणि नवे काम नाकारलेही नाही.

पेरणीआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवतात ते मोजतो. मगच बी जमिनीत टाकतो. शंभर दाण्यांची ती पुरचुंडी आपल्याला फार काही खर्चात घालत नाही, पण सबंध हंगाम वाचवते. मुलांच्या बाबतीतही तेवढी तसदी घ्या.